पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीचा खेळ चालू होता, गाणं रंगात आलं होतं. आणि एकदम नायिकेच्या चेहऱ्यावर पांढरी, वाकडीतिकडी अक्षरं उमटली : ‘पाळी गावचा टिपरवाला, ताबडतोब बाहेर यावे. मुलगी झाली.’ क्षणभर थेटर गप्प झालं. मग पुढच्या बाकांवरून एक माणूस धडपडत उठला, आणि त्याला वाट करून देता देता लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की उरलेलं गाणं कुणाला ऐकूच आलं नाही.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो आणि ती अक्षरं कोरली जात असताना शेजारी उभा होतो. काचेची चौकोनी पट्टी चिमणीवर धरायची, तिच्यावर काजळी बसू द्यायची, मग सुईनं मजकूर लिहायचा आणि काच स्लाइडच्या दिव्यापुढे सरकवायची. गावात फोन दोनच, एक पोस्टात आणि एक खाणीच्या ऑफिसात. रात्री दोन्हींना कुलूप. माणूस घरी नाही, खाणीचा माल वाहणाऱ्या टिपर ट्रकवर नाही, म्हणजे तो थेटरात असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं हे थेटर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, गावाची घरं संपून खाणीचा रस्ता सुरू होतो तिथं होतं. दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत त्याचं नाव होतं, पण ते नाव घेताना मी कुणाला ऐकलं नाही. ‘थेटर’ म्हटलं की पुरे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, पुढे बाकं, मागे खुर्च्या आणि लाकडी जिना चढून गेलं की बाल्कनी. उन्हाळ्यात बाकांवर हात फिरवला तर तळव्याला लाल माती लागायची. ओल्या अंगानं बसलेल्या माणसाच्या सदऱ्यावर ती कायमची राही. आई ओरडायची ती सिनेमाला गेलो म्हणून कधीच नाही, सदऱ्यासाठी ओरडायची.

माझे मामा तिथे ऑपरेटर होते. त्यामुळे मला तिकीट लागत नसे, आणि बसायला खुर्चीही मिळत नसे. मी मशीनरूममध्ये, भिंतीतल्या हातभर चौकोनातून सिनेमा पाहिला. खरं सांगायचं तर सिनेमापेक्षा मामांनाच जास्त पाहिलं.

आजच्या श्रोत्यांना हे थोडं समजावून सांगायला हवं. त्या मशीनरूममध्ये दोन प्रोजेक्टर असत. कारण अख्खा सिनेमा एका चक्रावर मावत नाही. फिल्म सेकंदाला 24 चित्रं या वेगानं धावते, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन रिळं जोडून मोठ्या चक्रावर घेतली तरी वीस-बावीस मिनिटं. एका मशीनवरचं संपत आलं की दुसरं मशीन अशा बेतानं सुरू करायचं की खाली बसलेल्या माणसाला कळता कामा नये. आणि हे कधी करायचं ते घड्याळ सांगत नसे, फिल्मच सांगायची. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जाई. चार चित्रांपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. मग सात सेकंद थांबायचं. दुसरा ठिपका दिसला की एका मशीनची झडप बंद आणि दुसरीची उघडी.

मामा ती सात सेकंदं श्वास रोखून उभे असत. डावा हात एका मशीनवर, उजवा दुसऱ्यावर, डोळे चौकोनातून पडद्यावर. तेवढ्यात मी बोललो तर ओठांवर बोटही ठेवत नसत, कारण हात मोकळे नसत. नुसती मान हलवत. झडप उघडली की श्वास सोडून म्हणत, ‘गेलं.’ एका खेळाला सात-आठ वेळा, दिवसाला तीन खेळ, वर्षानुवर्षं. खालच्या एकाही माणसाला ते कधी कळलं नाही, आणि मामांना त्याचाच अभिमान होता.

दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या. त्या एकमेकींजवळ आणल्या की मध्ये पांढरीशुभ्र ज्योत पेटायची, तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत नसे. कांड्या जळून आखूड होत जात आणि त्या सतत पुढे सरकवाव्या लागत. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या येत. त्या खोलीतला वास अजून माझ्या नाकात आहे. तापलेलं लोखंड, मशीनचं तेल आणि मामांच्या डब्यातलं सुक्या बांगड्याचं किसमूर.

पावसाळ्यात वेगळीच कथा. पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळू लागला की पडद्यावरची माणसं नुसती ओठ हलवत. आवाज कितीही वाढवा, उपयोग नाही. पण सिनेमा आधी पाहिलेली मंडळी संवाद मोठ्यानं म्हणून दाखवत, आणि बाकीचे त्यावर सिनेमा निभावून नेत. रागानं उठून गेलेला माणूस मला आठवत नाही. आपल्याकडे जत्रेतलं नाटक नि दशावतारी कालो रात्रभर बसून पाहणारी माणसं ही. समोर चाललेल्या खेळाला आपणही हात लावायचा असतो, हे त्यांच्या अंगातच होतं.

सिनेमा आमच्याकडे उशिरा यायचा. प्रिंट मोजक्या. आधी पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, मग फिरत फिरत आमच्याकडे. पेट्या बसच्या टपावरून येत. एकदा तर एकच प्रिंट दोन गावांत मिळून चालवली. तिकडे रीळ संपलं की मोटरसायकलचा पायलट, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारा चालक, ते पिशवीत घालून आमच्याकडे धावायचा. एका रात्री त्याचं टायर पंक्चर झालं. नायक तलवार उपसून उभा, आणि पुढचं रीळ वाटेत. वीस मिनिटं लोक बाहेर पातळ भाजी आणि पाव खात उभे राहिले. गाड्यावरच्या मावशींचा त्या रात्री सगळा माल संपला.

ही गाडेवाली मावशी, सायकल सांभाळणारा पोरगा, रात्रीच्या खेळासाठी थांबणारी शेवटची बस, पाळी संपवून येणारे टिपरवाले, जेटीवरचे बार्जचे खलाशी हे सगळं मिळून थेटर होतं. मला आज जे सांगायचंय ते इथंच आहे. आपण सहज म्हणतो, टीव्हीनं थेटरं मारली, मोबाइलनं मारली. टीव्हीचा घाव बसला हे खरं. रविवारी सकाळी पौराणिक मालिका सुरू झाल्या तेव्हा आमचा रविवारचा मॅटिनी पहिल्यांदा रिकामा गेला. मग व्हिडिओ आला, केबल आली. बायका यायच्या बंद झाल्या, आणि मराठी कौटुंबिक सिनेमाला जी बाल्कनी भरायची ती धूळ खात पडली. तरीही थेटर चालत होतं. रात्रीचा खेळ त्याला जगवत होता, कारण आमच्या गावाला रात्र होती. रस्त्यावर माणसं होती, हातात रोजचे पैसे होते, घरी न्यायला बस होती.

मग फिल्मच गेली. सिनेमा उपग्रहावरून, हार्ड डिस्कवरून येऊ लागला. सगळीकडे एकाच शुक्रवारी. ही प्रगतीच होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण छोट्या थेटराची सगळी गणितं उशिरा येणाऱ्या, स्वस्त पडणाऱ्या सिनेमावर मांडलेली होती. आता नवी मशीन घ्या, दर खेळाला पैसे मोजा, आणि तोच सिनेमा त्याच दिवशी पणजीत गार हवेत, गुबगुबीत खुर्चीत लागलेला. मालकांनी भाड्यानं डिजिटल मशीन घेतलं. ते चालवायला कळ दाबणारा पोरगा पुरेसा होता. मामांना त्यांनी काढलं नाही, एवढं माणूसपण त्यांच्यात होतं. मामा दारात तिकीट फाडायला उभे राहू लागले.

2012च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. पर्यावरणाचा प्रश्न खरा होता. आमच्या विहिरींचं पाणी नि शेतातला गाळ आम्हीच पाहिला आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण थांबलेल्या टिपरांच्या रांगा रस्त्याकडेला उभ्या राहिल्या आणि गावाची रात्र साडेसातला संपू लागली. शेवटची बस आधी रिकामी धावली, मग बंद झाली. पुढच्या जूनमध्ये थेटर नेहमीसारखं डागडुजीसाठी बंद ठेवलं. चतुर्थीला उघडेल म्हणाले. चतुर्थी गेली, दिवाळी गेली. शेवटचा खेळ कोणता होता हे गावात आज कुणालाही सांगता येत नाही. मीही त्या खेळाला नव्हतो. नोकरीसाठी पर्वरीला राहायला गेलो होतो आणि पणजीच्या मल्टिप्लेक्समध्ये सिनेमे पाहत होतो. ही गोष्ट मला आजही टोचते.

नावं तरी किती घ्यावीत! पणजीचं सिने नॅशनल, मडगावचं मेट्रोपोल, म्हापशाचं अलंकार, फोंड्याचं आयशा, डिचोलीचं हिरा, कुडचडेचं नायगारा. ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाचं यातलं एखादं तरी नाव स्वतःचं असेल. 2004 साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं. मला त्याचा आनंदच झाला. जगभरचे सिनेमे मी तिथं पाहिले, रांगेत उभा राहून पाहिले. पण नोव्हेंबरातल्या त्या दिव्यांच्या माळांखाली उभं राहिलं की दर वर्षी एकच विचार येतो. सिनेमाच्या या राज्यात सत्तरी नाहीतर सांगे तालुक्यातल्या पोरानं पडद्यावर सिनेमा बघायचा तर त्याला संध्याकाळची परतीची बस मिळते का?

साखळीला रवींद्र भवन आहे, कुडचडेला आहे. चांगल्या वास्तू आहेत, नाटकं होतात, कोकणीतली तियात्र नाटकं होतात. तिथं महिन्यातून दोन शनिवार, पन्नास रुपयांत सिनेमा दाखवा. मराठी दाखवा, कोकणी दाखवा. आणि खेळ सुटल्यावर चार गावांना जाणारी एक बस सोडा. ही बस मला पडद्याइतकीच महत्त्वाची वाटते. हे मी मागे एका सभेत बोललो तेव्हा लोक हसले. आज पुन्हा बोलतो आहे.

थेटर दोन वर्षांपूर्वी पाडलं. जागा विकली गेली होती. जेसीबी आला तेव्हा मामांना घेऊन गेलो होतो. त्यांनी यायलाच हवं असा माझा हट्ट, त्यांचा नव्हता. पत्रे आधीच उतरवले होते. मशीनरूमची भिंत मात्र उभी होती आणि तिच्यातले ते दोन चौकोन दिसत होते. मामा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘चौकोन लहानच होते रे. मला मोठे वाटायचे.’ भंगारवाल्याकडून मी एक रिकामं रिळाचं चक्र विकत घेतलं. ते माझ्या घरी भिंतीला टांगलं आहे.

मामा आता ऐंशीच्या पुढचे आहेत. दुपारी जेवण झालं की टीव्हीवर जुना सिनेमा लावून आरामखुर्चीत पडतात. अर्धे झोपेत असतात, कथा कुठवर आली विचारलं तर सांगता येत नाही. पण त्यातले काही सिनेमे जुन्या प्रिंटवरून उतरवलेले असतात आणि ठिपके त्यांत तसेच राहिलेले असतात. परवा मी शेजारी बसलो होतो. उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. मामांचे डोळे मिटल्यासारखेच होते, पण त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला आणि तसाच थांबला. मीही बोललो नाही. सात सेकंदं गेली, दुसरा ठिपका आला. हात खाली आला आणि मामा पुटपुटले, ‘गेलं.’

नमस्कार.