१०, किंग हेन्रीज रोड

(दृश्य: चॉक फार्म स्टेशनबाहेरचा रस्ता)

उत्तर लंडनमधला हा किंग हेन्रीज रोड. इथली जमीन ईटन कॉलेजची, म्हणजे इंग्लंडच्या उमरावांच्या शाळेची. सहावा हेन्री त्या शाळेचा संस्थापक, रस्त्याला नाव त्याचंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे एकमेकांना खेटून उंच घरं उठली. त्यांतलं हे दहा नंबरचं.

साताऱ्याच्या शाळेत ज्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं, ते भीमराव आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते.

लंडनची ही त्यांची दुसरी खेप. १९१६ मध्ये ते आले होते, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी हातभार लावला, मित्र नवल भथेनांनी उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. मागे परळच्या चाळीत संसार रमाबाई ओढत होत्या.

(दृश्य: घराचा जिना)

खिडकीशी बसून विचारात गढलेले बाबासाहेब इथे कल्पायचा मोह होतो. पण दिवसा ते घरी सापडलेच नसते. ते असायचे ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, पार बंद होईपर्यंत. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे, असं चरित्रांत वाचायला मिळतं.

आणि एवढी उस्तवार कशासाठी? रुपयासाठी, खिशातल्या नव्हे, देशाच्या. केन्ससारखा अर्थतज्ज्ञ ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची (म्हणजे रुपयाच्या बदल्यात सोनं न देता त्याचा भाव पौंडाशी बांधून ठेवायची) तरफदारी करत होता, तिच्यावरच बाबासाहेबांनी आपल्या प्रबंधात बोट ठेवलं: या पद्धतीत सरकार हवे तेवढे रुपये काढू शकतं, भाव चढतात आणि झळ गरिबाला बसते. परीक्षकांना प्रबंध झोंबला. त्यांनी तो फेरबदलासाठी परत केला. बाबासाहेबांनी मांडणी सौम्य केली, निष्कर्ष मात्र हलवले नाहीत. १९२३ मध्ये डी.एस्सी. ही अर्थशास्त्रातली डॉक्टरेट मिळाली.

२०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं संग्रहालयासाठी सुमारे एकतीस लाख पौंडांना हे घर विकत घेतलं. वर्दळीचा त्रास होतो म्हणून शेजाऱ्यांनी हरकत घेतली, स्थानिक कौन्सिलनं परवानगी नाकारली. अखेर २०२० मध्ये संग्रहालयाला मंजुरी आली.

(दृश्य: भिंतीवरचा निळा फलक)

फलकावर त्यांची ओळख सामाजिक न्यायासाठी लढणारे अशी करून दिली आहे. खरीच आहे ती. पण या घरातला भाडेकरू होता अर्थशास्त्राचा विद्यार्थी, आणि त्याचा उल्लेख फलकावर नाही.