‘तुला तिथे सारखं खूश राहावं लागतं’

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी मला विषय दिला होता, छोट्या व्यवसायात सकारात्मक कसं राहावं. मी मुद्दे काढलेही होते. पण परवा माझी मुलगी जे बोलली त्यानंतर ते मुद्दे वाचून दाखवावेत असं वाटेना. सुटीत ती माझ्या छपाईच्या कामात मदत करते. डिझाइनमध्ये तिचा हात चांगला आहे. मी विचारलं, पुढे हे सगळं सांभाळशील का? ती म्हणाली, ‘‘काम आवडतं गं आई. पण तुला तिथे सारखं खूश राहावं लागतं. ते मला नाही जमायचं.’’

त्यावरून आमचं बरंच वाजलं. वाद मिटला, पण तिचं वाक्य डोक्यातून जात नाही.

तिने काय पाहिलं होतं ते सांगते. एका गिऱ्हाइकाने प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, स्वतः तपासून ‘चालू द्या’ म्हणून कळवलं. माल हातात पडल्यावर लक्षात आलं की फोन नंबरच चुकलाय, आणि आता ते सगळं फुकट पुन्हा छापून मागत होते. मी शांतपणे, हसून बोलले. ते गेल्यावर लगेच दुसऱ्या एकाला थकबाकीसाठी फोन लावला आणि तिथे माझा आवाज एकदम करडा झाला. मुलीने तासाभरात दोन वेगळ्या बायका पाहिल्या आणि दोघींपैकी आपली आई कुठली, असा तिला प्रश्न पडला असणार.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली नेमकं यावरच लिहिलं. नोकरीचा भाग म्हणून भावना दाखवणं किंवा दाबणं हेसुद्धा श्रमच आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी दोन टोकांची माणसं अभ्यासली: विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकलेली बिलं वसूल करणारे. एकीला प्रवाशाला घरी आलेला पाहुणा समजायला शिकवलेलं, तर दुसऱ्याला समोरच्यावर संशय घ्यायला. मोठ्या कंपनीत ही कामं वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या माणसांकडे असतात. आपल्याकडे दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात, एकाच दुपारी. छोटा व्यावसायिक संध्याकाळी एवढा का दमतो, याचं उत्तर मला तिथे सापडलं. कामाच्या तासांचा हिशेब सगळेच करतात, या चेहरे बदलण्याचा कुणीच करत नाही.

म्हणून ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. नुसता चेहरा हसरा ठेवायचा, आत धुमसत राहायचं, हे फार दिवस चालत नाही. प्रसन्नपणा टिकतो तो व्यवस्थेच्या जोरावर. अर्धी रक्कम आगाऊ. प्रूफवर सही, आणि सहीनंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे. पैसे किती दिवसांत द्यायचे, हे बिलावरच छापलेलं. हे सगळं काम घेतानाच, हसतखेळत सांगितलं की नंतर ‘नाही’ म्हणायला आवाज चढवावा लागत नाही. कठोरपणा कागदाने करायचा, म्हणजे आपल्याला मनापासून प्रेमाने बोलता येतं. माझ्या मते व्यावसायिक वागणं म्हणजे मुख्यतः एवढंच.

आणि तक्रार आली, विशेषतः लेखी, की उत्तर लगेच लिहा पण पाठवा दुसऱ्या सकाळी. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये बऱ्याच संशोधनांचा आढावा घेऊन दाखवलं की वाईट अनुभव चांगल्यापेक्षा जास्त खोल रुततात. कौतुकाचे कितीतरी निरोप आपण विसरतो, एक कडवट ओळ रात्रभर छळते. सकाळी त्या ओळीतला सूर बाजूला ठेवून त्यात खरं काय आहे तेवढं काढून घेता येतं. रात्री ते जमत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. लोखंडाने जमिनीत विष भिनेल असं शेतकऱ्यांना वाटायचं आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. आपण ही गोष्ट यशाची म्हणून सांगतो. मला मात्र ती मधली दोन वर्षं मोठी वाटतात. माल पडून आहे, समोरचा शंका घेतोय, आणि तरी त्याच माणसाला उद्या आपलं गिऱ्हाईक करायचंय, म्हणून त्याचा अपमान करून चालणार नाही. या काळात माणूस कसा वागतो, ते मुलांना सांगायला हवं.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. ‘आपलंच काम आहे’ असं म्हणून प्रूफ शेवटच्या रात्री द्यायचं, सवलत मागायची आणि पैसे मात्र सगळ्यांत शेवटी द्यायचे, हे आपण एकमेकांशी करतो. परक्याशी करत नाही. आपल्या माणसाचा व्यवसाय आहे ना, मग त्याचं बिल आधी भागवा. आणखी एक. ‘कसं चाललंय?’ असं आपण विचारतो आणि ‘मस्त!’ ऐकल्याशिवाय पुढे सरकत नाही. मध्यंतरी आपल्यातल्याच एकांचा व्यवसाय बंद पडला. तोवर प्रत्येक मेळाव्यात ते ‘मस्त’च म्हणत होते. माझी मुलगी म्हणते ती सक्ती फक्त दुकानात नाही, या सभागृहातही आहे.

मी समितीला सुचवलंय की प्रत्येक मेळाव्यानंतर छोट्या व्यावसायिकांनी अर्धा तास वेगळं बसावं आणि खरं काय चाललंय ते बोलावं. समिती तयार आहे. माझंच मन कचरतंय, कारण या सभागृहात माझी गिऱ्हाइकं आहेत, माझ्याच धंद्यातले लोक आहेत, मला उधारीवर कागद देणाऱ्यांचे मित्रही आहेत. ‘हे तीन महिने वाईट गेले’ असं मी इथे बोलले, तर उद्या आगाऊ रक्कम द्यायला कुणीतरी बिचकेल. न बोलावं तर ज्यांचा व्यवसाय बंद पडला त्यांचं जे झालं तेच पुढच्याचं होईल. बाहेरच्या कुणाला मध्ये बसवावं का? की वेगवेगळ्या धंद्यांतल्या दोघादोघांनीच भेटावं? तुमच्यापैकी ज्यांनी असं काही करून पाहिलंय त्यांनी मध्यंतरात मला गाठा. पुढच्या मेळाव्याआधी हे ठरवायला हवं.