स्टीव्ह क्लॅरिज : एका फिरस्त्या फुटबॉलपटूची कारकीर्द

श्रोतेहो, इंग्लंडच्या खालच्या विभागांत आयुष्य काढलेल्या खेळाडूंकडे आपण बहुतेकदा दयेने पाहतो. पंधरा-वीस क्लबांची यादी वाचली की या माणसाला कुठेच टिकता आले नाही, असा निष्कर्ष आपण सहज काढून मोकळे होतो. आज मी स्टीव्ह क्लॅरिज या आघाडीच्या खेळाडूची कारकीर्द आपल्यापुढे मांडणार आहे, ती हा निष्कर्ष खोडून काढण्यासाठी. माझे म्हणणे असे आहे की, ही यादी वाचताना त्याला किती क्लबांनी सोडले, एवढेच मोजून भागत नाही. किती क्लबांनी त्याला पुन्हा बोलावले, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे दूरचित्रवाणीवर दिसते ती प्रीमियर लीग म्हणजे वीस क्लबांची वरची पायरी. तिच्याखाली आणखी तीन विभागांत बहात्तर क्लब आहेत आणि त्यांच्याही खाली बहुतांशी अर्धव्यावसायिक क्लबांच्या, बहुतेक प्रादेशिक लीगांची उतरंड आहे. पायऱ्यांमधली दारे दोन्ही बाजूंनी उघडी असतात. दर हंगामात काही संघ वर चढतात, काही खाली घसरतात. चोवीस संघांच्या विभागात प्रत्येकाला हंगामात 46 सामने खेळावे लागतात, चषकांचे सामने वेगळेच. त्यात दुखापती होतात, पैसा आटतो, प्रशिक्षक बदलतात. अशा वेळी आठवडाभरात येऊन शनिवारी मैदानात उतरू शकेल असा, खेळ जाणणारा आणि हातपाय धड असलेला माणूस कुणाला ना कुणाला हवाच असतो. फिरस्त्या खेळाडूचा पेशा या गरजेवर उभा आहे.

क्लॅरिजचा जन्म 1966 मधला, पोर्ट्‌स्मथचा. फेअरहॅम टाउन या स्थानिक संघातून तो 1984 मध्ये बोर्नमथला गेला, पण तिथे त्याला मोजकेच सामने मिळाले. मग लीगच्या, म्हणजे या चार विभागांच्या, बाहेरच्या वेमथमध्ये तीन वर्षे गेली. 1988 मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्याला घेतले आणि पहिल्या संघातून एकही सामना न खेळवता सोडून दिले. तिथून तो ऑल्डरशॉटला गेला. हा क्लब इतका कर्जबाजारी होता की 1992 च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, तो बंद पडला आणि त्याचे त्या हंगामातले सर्व निकाल रद्द करावे लागले. त्याआधीच, 1990 मध्ये, केंब्रिज युनायटेडने 75,000 पौंड मोजून क्लॅरिजला नेले होते.

केंब्रिजबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण खालच्या विभागांतला फुटबॉल कसा विचार करतो, हे तिथे स्वच्छ दिसते. प्रशिक्षक जॉन बेक यांचा हिशेब साधा होता : चेंडू लवकरात लवकर प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यांत पोचवायचा आणि तिथून गोलासमोर मारायचा. चेंडू रेषेबाहेर न जाता कोपऱ्यात अडकावा म्हणून तिथले गवत वाढवले जाई, आणि सामन्यापूर्वी खेळाडूंच्या अंगावर थंडगार पाणी ओतले जाई. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली. पण 1990 मध्ये चौथ्या विभागातून आणि 1991 मध्ये तिसऱ्या विभागातून वर चढलेला हा लहानसा संघ 1992 मध्ये प्रीमियर लीगच्या उंबरठ्यावर जाऊन ठेपला होता, हे टीकाकारांनाही नाकारता आले नाही. क्लॅरिजचा पिंड मात्र वेगळा होता. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, सदरा बाहेर आलेला, आणि चेंडू मिळाला की बचावपटूला हुलकावणी देऊन आत वळण्याची ओढ. आखून दिलेल्या रेषेबाहेर जाणाऱ्या या खेळाडूचे बेक यांच्याशी जमणे अवघडच होते, आणि दोघांचे भांडण पुढे सर्वश्रुत झाले. 1992 च्या उन्हाळ्यात केंब्रिजने त्याला 1,60,000 पौंडांना ल्यूटनला विकले. ऑक्टोबरमध्ये बेक यांनाच काढून टाकण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात केंब्रिजने त्याच खेळाडूला 1,95,000 पौंड देऊन परत आणले. ज्या माणसाला आपण गमावले, त्याच्यासाठी अधिक किंमत मोजायला एखादा गरीब क्लब तयार होतो, तेव्हा त्या माणसाच्या खेळाबद्दल आणखी वेगळा पुरावा मागण्याची गरज मला वाटत नाही.

1994 च्या जानेवारीत प्रशिक्षक बॅरी फ्राय यांनी त्याला 3,50,000 पौंडांना बर्मिंगहॅम सिटीत आणले. फ्राय खेळाडू इतक्या सढळ हाताने घेत आणि सोडत, की त्यांच्या संघात जागा टिकवणे हीच एक परीक्षा होती. क्लॅरिजने ती टिकवली, आणि 1994-95 च्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून वीसहून अधिक गोल केले. त्या वर्षी बर्मिंगहॅमने आपला विभाग जिंकला आणि खालच्या दोन विभागांसाठी असलेला चषकही वेम्ब्ली मैदानावर उचलला.

त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडू घेण्या-विकण्यासाठी आजच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या खिडक्या नव्हत्या. हंगामाच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत खेळाडूंची खरेदी-विक्री चालू असे. ही व्यवस्था 2002-03 मध्ये बदलली. क्लॅरिजच्या कारकिर्दीत मार्च महिना पुनःपुन्हा येतो, त्याचे कारण हेच : हंगाम निर्णायक वळणावर आला की क्लब शेवटची तजवीज म्हणून त्याच्याकडे वळत. 1996 च्या मार्चमध्ये लेस्टर सिटीचे प्रशिक्षक मार्टिन ओनील यांनी त्याच्यासाठी 12 लाख पौंड दिले. तेव्हा तो तिशीला टेकला होता, आणि सर्वांत वरच्या विभागात अजून एकदाही खेळलेला नव्हता.

27 मे 1996 रोजी वेम्ब्लीवर, प्रीमियर लीगमधली बढती ठरवणारा लेस्टरचा अंतिम सामना झाला. समोर क्रिस्टल पॅलेस, म्हणजे आठ वर्षांपूर्वी त्याला एकही संधी न देणारा क्लब. नव्वद मिनिटांनंतर बरोबरी होती आणि जादा वेळही संपत आला होता. आता पेनल्टींवर निकाल लागणार, म्हणून ओनील यांनी झेल्को कालाच या अतिशय उंच गोलरक्षकाला मैदानात उतरवले. शेवटच्या काही क्षणांत चेंडू क्लॅरिजकडे आला आणि त्याने तो दुरूनच मारला. तो बुटाऐवजी नडगीला लागून वरच्या कोपऱ्यात गेला. नायजेल मार्टिन हा उत्तम गोलरक्षक जागचा हलूही शकला नाही. लेस्टर प्रीमियर लीगमध्ये गेले. या गोलाला पुष्कळांनी नशिबाचा गोल म्हटले आहे. मला ते मान्य नाही. एकशेविसाव्या मिनिटाला, सगळे पेनल्टींची वाट पाहत असताना, गोलाकडे चेंडू मारण्याचा विचार ज्याच्या मनात आला, त्याने तो विचार खालच्या विभागांतल्या शेकडो चिखलमय दुपारींत कमावला होता.

पुढच्या हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये 12 गोल केले आणि लेस्टरने नववे स्थान मिळवले. लीग कपच्या अंतिम सामन्यात मिडल्सब्रोविरुद्ध बरोबरी झाली, म्हणून 16 एप्रिल 1997 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर तो पुन्हा खेळवला गेला. जादा वेळेत क्लॅरिजने एकमेव गोल केला. 1964 नंतर लेस्टरला मिळालेला हा पहिलाच मोठा चषक.

शिखरावरचा मुक्काम जेमतेम दोन हंगामांचा ठरला. 1998 मध्ये वुल्व्ह्‌जमध्ये थोडे सामने झाले, तेही गोलाविना. मग जन्मगाव पोर्ट्‌स्मथने त्याला आपलेसे केले, आणि 2000 च्या ऑक्टोबरमध्ये खेळाडू असतानाच संघाची सूत्रेही त्याच्या हाती दिली. चारच महिन्यांत ती काढूनही घेतली. लगेचच्या मार्चमध्ये मिलवॉलने त्याला बोलावले आणि तो संघ त्या वर्षी आपल्या विभागात अव्वल ठरला. 2005 मध्ये याच मिलवॉलने त्याला प्रशिक्षक नेमले, आणि एकही स्पर्धात्मक सामना होण्यापूर्वी, 36 दिवसांत, काढून टाकले. या प्रसंगाबद्दल मला आजही राग येतो. क्लबचे अध्यक्ष बदलले की माणसाला दिलेला शब्दही बदलतो, आणि खालच्या विभागांत हे वारंवार घडते.

ब्रायटन, ब्रेंटफर्ड, वायकम, जिलिंगहॅम, ब्रॅडफर्ड, वॉलसॉल अशी शेवटची गावे त्याने दोन वर्षांत पाहिली. वयाच्या अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी हे करार अल्प मुदतीचे होते. जुगारात कष्टाचा बराच पैसा गेल्याचे त्याने स्वतः उघडपणे सांगितले आहे. पण केवळ पैशासाठी तो खेळत राहिला, असे मी म्हणणार नाही, कारण पुढच्या घटनांशी ते जुळत नाही. सर्व दर्जांचे सामने धरून त्याची संख्या 999 वर थांबली होती. तेव्हा 2006 च्या डिसेंबरमध्ये बोर्नमथने, त्याच्या पहिल्या लीग क्लबने, त्याला पुन्हा करारबद्ध केले, आणि पोर्ट व्हेलविरुद्ध तो हजारावा सामना खेळला. बोर्नमथ 0-4 असे हरले.

पुढे सॉल्झबरी सिटी हा क्लब आर्थिक अडचणींत बुडाला आणि त्या शहरात नवा क्लब उभा राहिला. 2015-16 मध्ये हा नवा संघ वेसेक्स लीगमध्ये, प्रीमियर लीगपासून कितीतरी पायऱ्या खाली, पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याचा प्रशिक्षक स्टीव्ह क्लॅरिज होता, आणि पहिल्याच हंगामात तो संघ वरच्या लीगमध्ये गेला.