इंजेक्शन टाकीपासून सुरू होतं

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘जुनी गाडी, नवं इंजेक्शन : ईसीयू कसा जुळवावा’ असा छापलाय. ईसीयू म्हणजे इंजेक्टरने इंजिनात किती पेट्रोल फवारायचं ते ठरवणारा संगणक. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी टाकीबद्दल बोलू द्या, कारण टाकीबद्दल कुणी बोलतच नाही. कार्ब्युरेटर उतरवून इंजेक्शन बसवायचं ठरलं की माणूस थ्रॉटल बॉडी बघतो, इंजेक्टर बघतो, स्क्रीनवरचे आलेख बघतो. मागे डिकीखाली लटकणारा पत्र्याचा डबा होता तसाच राहतो. माझं ठाम मत आहे की हे काम फसतं ते बहुतेक वेळा त्या डब्यात.

तुमच्यातल्या बहुतेकांनी कार्ब्युरेटर खोललाय, त्यामुळे फ्लोटची वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, काय करते ते सांगायला नको. पण तिचं एक काम आपल्या लक्षात येत नाही. ती हवा पचवते. वळणावर पेट्रोल टाकीच्या एका कडेला गेलं, आतल्या नळीचं तोंड उघडं पडलं, लाइनमध्ये हवा शिरली, तरी इंजिन वाटीतल्या साठ्यावर चालत राहतं. हवा वाटीच्या वरच्या भोकातून निघून जाते आणि तोवर गाडी सरळ झालेली असते. टाकीचा दोष वाटीने वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला असतो. इंजेक्शनमध्ये वाटीच नाही. पंपाने हवा ओढली की दाब कोसळतो आणि इंजिन तिथल्या तिथे उपाशी पडतं.

माझ्या एका मित्राच्या गाडीची गोष्ट सांगतो, कारण तिचा राग अजून गेलेला नाही. नवं इंजेक्शन बसवलं, गाडी सरळ रस्त्यावर सुरेख चालायची. टाकी अर्ध्याखाली आली की लांब डाव्या वळणावर मात्र झटका मारायची, कधी बंदच पडायची. ज्यांनी काम केलं होतं त्यांचं निदान ठरलेलं : ईसीयूचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा आतला तक्ता. मॅप बदलला. मग सेन्सर बदलला. मग मिश्रण इतकं दाट केलं की प्लग काळे पडले. फक्त डाव्याच वळणावर का, हे कुणी विचारलं नाही. संगणकाला डावं-उजवं कुठलं कळतंय! शेवटी इंजिनजवळच्या लाइनला दाबाचा काटा जोडला आणि तो काचेच्या बाहेरून, वायपरपाशी बांधला. बाहेरूनच, कारण पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे आणायची नसते. वळण आलं, काटा खाली पडला, इंजिन गप्प. पाच मिनिटांत निकाल! टाकीत पेट्रोलची हेलकावणी अडवणारे आडवे पडदेच नव्हते. परातीत पाणी घेऊन वळलं की जे होतं, तेच आत होत होतं.

आता दाबाचा हिशेब बघा. कार्ब्युरेटरला साधारण ४ ते ७ पीएसआय पुरतात, काहींना त्याहून कमी. इंजेक्शनला बहुधा ४३ किंवा ५८ लागतात, म्हणजे ३ किंवा ४ बार. हा विजेचा पंप ढकलण्यात पहिलवान, ओढण्यात दुबळा. तो इंजिनपाशी बसवला की लांबून ओढताना त्याच्या आधीच्या नळीत दाब कमी होतो, गरम पेट्रोल तिथेच उकळतं आणि पंप वाफ चावत बसतो. शिवाय पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलच देतं. कोरडा फिरला की आयुष्य घटलं. म्हणून पंप टाकीतच बुडवा, भोवती पडद्यांचा कप्पा ठेवा. मूळ टाकी कापायची नसेल, तर पुढे छोटी साठवण टाकी द्या : कमी दाबाचा पंप ती सतत भरत राहतो, जास्त दाबाचा तिच्यातून ओढतो. थोडक्यात, गेलेली वाटी परत आणायची. आणि हात जोडून सांगतो, रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावू नका. आतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते. ते काम टाकी वाफमुक्त करून देणाऱ्या माणसाचंच.

१९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक फोक्सवॅगन १६०० मध्ये आली, तेव्हाही नुसते इंजेक्टर आले नव्हते. विजेचा पंप, दाब राखणारा रेग्युलेटर आणि जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी लाइन, अशी सगळी व्यवस्था सोबत होती. आपण मात्र पुढचा अर्धा भाग घेतो.

चिठ्ठी आली, थोडाच वेळ उरलाय. तर ईसीयू, भराभर.

स्वतःचा मॅप स्वतः शिकणारे इंजेक्शनचे संच सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर शिकतात. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला गळती असेल, तर बाहेरची हवा आत येते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत जातो. आधी गळती बंद करा, मग शिकवा. इंजिन पूर्ण तापू द्या. निवांत चालीला हवा आणि पेट्रोल वजनाने १४.७ ला १ च्या आसपास ठीक, पूर्ण ताकदीला त्याहून दाट.

वीज थेट बॅटरीवरून घ्या, पंपाला रिले आणि फ्यूज. ईसीयूच्या तारा कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटरपासून लांब, प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या. जुना डायनामो स्लोवर पुरेशी वीज देत नाही, अल्टरनेटर बसवा. पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली गाडी असेल, तर आधी ती निगेटिव्ह करा. इंजिन थांबलं की पंप थांबलाच पाहिजे, आणि धडक बसली की वीज तोडणारा स्विचही हवा.

होज जुने ठेवू नका, इंजेक्शनच्या दाबाचेच घ्या. क्लिपही त्याच कामाच्या, होजला न कापणाऱ्या. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, साधारण १०० मायक्रॉन; पंपानंतर बारीक, १० मायक्रॉन. जुन्या टाकीतला गंज इंजेक्टरपर्यंत पोहोचता कामा नये.

आणि पहिल्यांदा स्टार्टर मारायच्या आधी नुसती चावी फिरवा. पंप दोन-तीन सेकंद चालून दाब भरेल. असं दोनदा-तीनदा करा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि टाकीपासून इंजिनपर्यंत प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला, तर त्या दिवशी स्टार्टर मारायचा नाही.