दुसरं उत्तर

मित्रहो, मानसशास्त्राच्या प्रयोगाला बसायचं म्हटलं की आपली परीक्षा होणार असं वाटायला लागतं. त्यात प्रयोग मत बदलण्यावरचा असला, तर लोक आधीच ठरवून येतात: मत बदललं की आपण शहाणे, नाही बदललं तर हट्टी. हे डोक्यातून काढून टाका. तुमचं मत काय आहे याच्याशी संशोधकाला फारसं देणंघेणं नसतं. त्याला दोन उत्तरं हवी असतात, माहिती मिळण्याआधीचं आणि मिळाल्यानंतरचं. त्या दोहोंतलं अंतर तो मोजतो.

प्रयोग दिसायला अनेकदा पोरखेळच असतो. वॉर्ड एडवर्ड्स यांच्या १९६८ च्या लेखातला पिशव्यांचा प्रयोग घ्या. एका पिशवीत ७०० लाल आणि ३०० निळ्या चकत्या, दुसरीत बरोबर उलट. नाणं उडवून त्यांतली एक निवडलेली आहे. कोणती, ते तुम्हाला माहीत नाही. एक चकती काढायची, रंग बघायचा, परत टाकायची, पिशवी हलवायची. असं बारा वेळा केलं आणि ८ लाल, ४ निळ्या निघाल्या. आता सांगा, ही लाल जास्त असलेली पिशवी असण्याची शक्यता किती टक्के? धरा मनात एक आकडा. बहुतेक जण ७० ते ८० च्या दरम्यान थांबतात. गणिताने येतात ९७. निघालेली प्रत्येक निळी एका लालला खोडते, म्हणजे हिशेबाला उरतात ४ लाल. त्यांतली प्रत्येक पारडं सातास तीन या प्रमाणात झुकवते. चार वेळा झुकलं की जवळपास तीसास एक होतं. नुसत्या चारच चकत्या काढल्या असत्या आणि चारही लाल निघाल्या असत्या, तरी उत्तर हेच आलं असतं, आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सहसा पटत नाही!

बघा, इथे ना राजकारण आहे ना कुणाचा मानापमान. तरी माणूस योग्य दिशेला सरकतो, पण हात आखडता घेऊन. जुनं मत सुटत नाही म्हणून, की चकत्यांचं वजनच नीट उमगत नाही म्हणून, यावर तेव्हापासून वाद आहे. मला दुसरं कारण जास्त पटतं.

माणसं नेहमी हट्टीच असतात असंही नाही. बटरफील्ड आणि मेटकाफ यांना २००१ साली उलटंच दिसलं: सामान्यज्ञानाचं जे चुकीचं उत्तर लोकांनी छातीठोकपणे दिलेलं असतं, तेच बरोबर उत्तर कळल्यावर जास्त चांगलं सुधारतं.

खरं घोडं पेंड खातं ते सहभागी माणसाच्या चांगुलपणापाशी. मार्टिन ऑर्न यांनी लोकांना बेरजांचे कागद दिले. कागद पूर्ण झाला की फाडून त्याचे तुकडे करायचे आणि पुढचा घ्यायचा. कंटाळून उठतील अशी अपेक्षा होती, पण लोक तासन्‌तास बसून राहिले. यामागे काहीतरी हेतू असणारच, असं त्यांनी धरलं होतं. असा सालस माणूस पुरावा वाचून झाल्यावर संशोधकाच्या मनातलं ओळखू पाहतो आणि आकडा त्याप्रमाणे सरकवतो. मग मोजलं जातं ते सौजन्य. तुमचा आकडा जागचा हलला नसेल तर बेलाशक तोच पुन्हा लिहा.

आणि प्रयोग संपल्यावर त्यामागचं खरं काय ते संशोधक समजावून सांगतो, त्या शेवटच्या दहा मिनिटांत घाई करू नका. ली रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली लोकांना आत्महत्येपूर्वीच्या खऱ्या आणि बनावट चिठ्ठ्या ओळखायला लावल्या. गुण आधीच ठरवलेले होते, कामगिरीशी त्यांचा संबंध नव्हता. नंतर हे स्पष्ट सांगूनही ‘यशस्वी’ ठरवलेल्यांना आपल्याला हे बरं जमतं असं वाटतच राहिलं आणि ‘अपयशी’ ठरवलेल्यांना जमत नाही असं. गुण खोटे होते एवढं सांगणं पुरलं नाही. खोटी समजूत मागे कशी उरते, हे उलगडून सांगितलं तेव्हा मात्र तो परिणाम जवळजवळ पुसला गेला.

म्हणून समारोपाला दोन प्रश्न विचारा: यात खोटं काय होतं, आणि मी ते खरं का मानलं असेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार नसेल, तर संशोधकाला जरा विचार करू द्या. फसवणूक झाल्याचं कळल्यावर आपली उत्तरं मागे घेण्याची मुभाही तुम्हाला असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तसं लिहिलेलंच आहे.