येतलंस कसां?

(पेडणे तालुक्यातल्या एका वाचनालयात १२ मे रोजी, परिचारिका दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. विषय होता : ‘शहरातल्या इस्पितळाची नोकरी : जावं की न जावं?’)

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी, समोर बसलेल्या मुली, त्यांच्यामागे बसलेल्या आया आणि दाराशी उभे असलेले बाबा. बाबांनो, आत या. इंजेक्शन देणार नाही.

सूत्रसंचालकांनी मला पाऊण तास दिलाय. त्यातली दहा मिनिटं त्यांनीच माझी ओळख करून देण्यात घालवली, तेव्हा उरली पस्तीस. शेवटची कदंब, म्हणजे आपली सरकारी बस, साडेसातला आहे. विमानतळ मोपाला आला, २०२३पासून डोक्यावरून विमानं जातात, पण रात्री आठनंतर आपल्याच तालुक्यात एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर अजून कुणाच्या तरी पुतण्याची स्कूटर लागते. असो. हा विषय वेगळा, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन.

आज सगळीकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार पडले असतील. तिचा जन्म १२ मे १८२०चा, म्हणून आजचा दिवस. तिच्याबद्दल दिव्याची गोष्ट सगळे सांगतात. मला आज दुसरीच आठवतेय. १८५४ साली ती लंडनहून ३८ बायका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीला गेली. म्हणजे आपल्या धंद्यातली ही सगळ्यात गाजलेली बाईसुद्धा घर सोडूनच गेली होती. फरक एवढाच की तिला कुणी ‘इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही’ असा बॉण्ड लिहून मागितला नव्हता आणि तिचे वडील पैसेवाले होते. तुमचे आहेत का? नाही ना. मग ऐका.

मी पणजीला शिकले. तेव्हा गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीला गेलं नव्हतं, पणजीतच होतं, मांडवीच्या काठी. ज्या इमारतीत आम्ही बेडपॅन घेऊन धावायचो, तिथे २००४पासून इफ्फी, तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. दर नोव्हेंबरला टीव्हीवर नट्या त्या आवारात लाल गालिच्यावरून चालताना दिसल्या की मी घरच्यांना सांगते, बघा, त्या कोपऱ्यात आमचा ड्रेसिंगचा ट्रे असायचा. घरचे आता ऐकत नाहीत. तुम्ही ऐकताय, बरं वाटतं.

१९८३ साली मला मुंबईच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात नोकरी लागली. नाव घेत नाही. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरसुद्धा धड नव्हती. ती पूर्ण सुरू झाली १९९८ला. आमची बस पत्रादेवीची हद्द ओलांडून बांद्याला लागली की पुढचं घाट, ओकाऱ्या आणि रात्र. आईने ट्रंकेत दोन पायली उकडे तांदूळ भरले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बांगडे. त्या बांगड्यांमुळे हॉस्टेलात पहिल्याच दिवशी माझी एवढी ओळख झाली की नाव सांगायची गरज पडली नाही. वडील बसपर्यंत आले. ते फार बोलत नसत. ट्रंक टपावर चढवली आणि एवढंच म्हणाले, ‘जातलंस तर जा. पण येतलंस कसां, ता सांग.’

मला वाटलं, बसचं विचारतायत. म्हटलं, ह्याच गाडीने.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगू नको असं सूत्रसंचालकांनी मला फोनवर बजावलंय, कारण त्यांनी ती दोनदा ऐकलीय.

पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, ४२ खाटा, रात्रपाळी आठ ते आठ. मी आणि एक मावशी. बस्स. तो गिरणी संपानंतरचा काळ. जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मग संपलाच नाही म्हणा ना. वॉर्डात अर्धेअधिक आपल्याच बाजूचे, सावंतवाडीचे, वेंगुर्ल्याचे, काम गेलेले कामगार. त्यातले एक आजोबा, पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी पातळ खायला परवानगी दिली तरी तोंड उघडेनात. इस्पितळाचं सूप आणलं की भिंतीकडे वळायचे. तिसऱ्या रात्री मला हळूच म्हणाले, ‘बाय, पेज गावात काय गो?’

पेज! मुंबईत, रात्री अडीच वाजता! पण माझ्या ट्रंकेत उकडे तांदूळ होते. हॉस्टेल जिना उतरून समोरच. तेव्हा सिरिंजा काचेच्या असायच्या आणि त्या उकळायला स्टीलचं विजेवरचं भांडं असायचं, आत जाळी, वर झाकण. आमच्या वॉर्डात एक जादा होतं, जाळी मोडलेलं, कपाटात पडून. मी ते घासलं, दोनदा पाणी उकळून फेकलं आणि तांदूळ शिजत टाकले. उकडा तांदूळ काय लगेच शिजतो? तास गेला. साडेतीनला सगळ्या वॉर्डभर पेजेचा वास. एकेक खाट जागी व्हायला लागली. कुणी म्हणतोय, ‘मीठ आसा काय?’ कुणी म्हणतोय, ‘आंब्याचा लोणचा असतां तर.’ आणि नेमकी तेव्हाच मेट्रन राऊंडला.

ती दारात उभी राहिली. नाक वर केलं. भांड्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘सिस्टर, हे काय निर्जंतुक चाललंय?’

मी म्हटलं, ‘तांदूळ.’

(हशा.) हसा, हसा. मला मेमो मिळाला. बरोबरच होतं, आज कुणी हे केलं तर मीच मेमो देईन. पण आजोबांनी वाटीभर पेज घेतली, आणि दुसऱ्या रात्री मेट्रन राऊंडला आली तेव्हा कार्डेक्स, म्हणजे पेशंटांच्या नोंदींची कार्डं, बघता बघता मान वर न करता म्हणाली, ‘काल मीठ घातलं होतंस ना?’ बाई रत्नागिरीची निघाली.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही. म्हणजे, गंमत म्हणूनच सांगते, पण आणखी एका कारणाने. शहरात जाऊ नका असं सांगायला मी आलेले नाही. त्या ४२ खाटांनी मला जे शिकवलं, ते गावाकडच्या आरोग्य केंद्रात दहा वर्षांत शिकले नसते. रक्तदाब कोसळण्याआधी माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे तिथे कळलं. एका रात्रीत चार ऑपरेशनचे पेशंट आत घेतले की हाताला जी सवय लागते, ती कुठल्याही वर्गात लागत नाही. तेव्हा जा. माझं भांडण दुसरीकडेच आहे.

१९८५च्या मार्चमध्ये घरून पत्र आलं. आत पणजीचं बोलावणं, सरकारी स्टाफ नर्सची मुलाखत, येताना मूळ प्रमाणपत्रं आणावीत. मला आनंदाने रडू आलं. ऑफिसात गेले, म्हटलं माझी सर्टिफिकेटं द्या. कारण रुजू होताना त्यांनी ती ठेवून घेतली होती. ‘सुरक्षित राहतील’ म्हणाले होते. हेडक्लार्क म्हणाला, बॉण्ड तीन वर्षांचा, दोनसुद्धा झाली नाहीत. मी म्हटलं, नोकरी सोडत नाही हो, फक्त दाखवून परत आणते. तर म्हणाला, कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते ते शिमग्याला गावी गेलेत. कुठल्या गावी? संगमेश्वर. कधी येणार? पालखी नाचली की येणार.

मुलींनो, माझी तीन वर्षांची मेहनत एका गोदरेजच्या कपाटात आणि त्याची चावी संगमेश्वरला पालखीपुढे नाचत होती.

मी साक्षांकित नकला घेऊन आले. पणजीला टेबलापलीकडच्या गृहस्थांनी सौजन्याने विचारलं, ‘मूळ?’ मी चावीची गोष्ट सांगितली. ते हसले. तुम्ही आत्ता हसलात तसेच. आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं. त्यानंतर गोव्यात माझी नेमणूक झाली ती १९९१ला. सहा वर्षं. मधल्या काळात गोवा घटकराज्य झालं, १९८७ला, आणि मी त्या दिवशीही रात्रपाळीलाच होते. त्या सहा वर्षांत मी घरची चवथ किती वेळा बघितली? एकदा. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना वडील दरवर्षी माझ्या वाटणीची सुपारीची पेंड बाजूला ठेवायचे, ती वाळायची.

तेव्हा कळलं की वडील बसचं विचारत नव्हते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि मागच्या रांगेत कदंबचे कंडक्टर स्वतः बसलेत, ते घड्याळ दाखवतायत. म्हणजे ज्याच्यासाठी मला बोलावलं ते आता धावत धावत सांगायचं. पत्रिकेत ‘निर्णयाचे निकष’ छापलंय. ऐका, लिहून घ्या.

पहिलं, मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हवाली करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, घरी आणा. बॉण्डवर सही करायची वेळ आली तर घरी आणून वाचा, किती वर्षं, मधे सोडलं तर किती पैसे, रिलिव्हिंग लेटर किती दिवसांत. ‘सगळ्यांनी केलीय सही’ हे उत्तर नव्हे.

नोंदणी. गोव्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव आहे म्हणून पुण्या-मुंबईला चालत नाही. तिथे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लावावं लागतं, त्यासाठी इथलं ना हरकत लागतं. परत यायचं तर तोच प्रकार उलट्या दिशेने. तेव्हा पावत्या जपा.

पगार. आकडा ऐकून आयांचे डोळे मोठे होतात, म्हणून आयांनाच सांगते. पत्रावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा वेगळा. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के मुलीचे कापतात, तेवढेच मालकाने घालायचे, आणि बरेच जण मालकाचा वाटासुद्धा मुलीच्याच आकड्यात धरून तो फुगवतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं का, विचारा. ते असेल तर आजारपणाला आधार असतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी नर्सेसच्या पगाराची शिफारस केलीय. २००च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि ५०हून कमी खाटांच्या इस्पितळातसुद्धा २०,०००पेक्षा कमी नको. शिफारसच आहे, सगळीकडे पाळतात असं नाही. पण मुलाखतीत आकडा तोंडावर असला की समोरचा जरा सरळ बसतो.

मग राहणं. हॉस्टेल आहे का, त्याचे पैसे पगारातून जातात का, रात्री आठला पाळी संपल्यावर घरापर्यंत कशी जाणार. हे एचआरला विचारू नका, तिथल्या मावशीला विचारा. एका पाळीत किती पेशंटमागे किती सिस्टर हेही मावशीलाच विचारा. आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स असायला हवी. तुम्हाला तिथे तीन देणार असतील तर ते शिकणं नव्हे, ते उद्या काही झालं तर तुमच्या नावावर येणारं प्रकरण आहे. आणि पेडण्याच्या पुनवेला, आपल्या जत्रेला, रजा मिळेल का असं विचारायला लाजू नका. ‘बघू’ म्हणाले तर मिळणार नाही असं समजा.

सरकारी नोकरीचं दार उघडं ठेवा. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. म्हणून रेशनकार्डातलं, मतदारयादीतलं नाव शहरात हलवण्याआधी मामलेदार कचेरीत जाऊन विचारा. जाहिरातीत कोंकणी अनिवार्य आणि मराठी असल्यास बरं, असं असतं. त्यावर मला पुष्कळ बोलायचंय, पण अध्यक्षांचा चेहरा बघून बोलत नाही. दोन्ही येऊ द्या, विषय संपला.

आणि बांबोळी, म्हापशाचं पेडेंचं जिल्हा इस्पितळ, ही शहरं नाहीत का? घरून डबा नेऊन करता येणारी नोकरी कमी दर्जाची, हे कुणी सांगितलं तुम्हाला? याच्यावर माझे दहा मिनिटं होते. गेले. कंडक्टर उठले.

तिसऱ्या रांगेतली, निळी ओढणी, तू मघापासून हात वर करतेयस. बोल पटकन.

‘मॅडम, मला पुण्याचं पत्र आलंय. एक तारखेला हजर व्हायचंय. जाऊ का?’

तुझी मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेटं आत्ता कुठे आहेत?

‘कॉलेजात. तिथून परस्पर पुण्याला पाठवतो म्हणालेत.’

उद्या सकाळच्या पहिल्या कदंबने जा आणि घेऊन ये. मग माझ्याकडे ये, बॉण्ड बरोबर वाचू. चला, बस लागली.