यार्डात पडलेले साडेबारा लाख

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. सकाळचे साडेसहा वाजलेत, रात्रपाळीची शेवटची हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, ओतून झालीये आणि मोल्ड (साचे) अजून गरम आहेत. मी इथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, प्रॉडक्शन बघतो, शिक्षण मेकॅनिकलचं, आणि अकाउंट हा आपला विषयच नाही असं मी १२ वर्षं बिनधास्त म्हणत आलो.

मला एकच आकडा कळायचा, टन. किती टन ओतलं, रिजेक्शन किती, बास.

मग एका महिन्यात ७ तारखेचा पगार १२ तारखेला झाला. फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या खात्यातल्या) एका पोराचा घराचा हप्ता बाउन्स झाला, तो मला काही बोलला नाही पण त्याचं तोंड बघून मला जेवण गेलं नाही. आणि डोक्यात शिरेना, कारण त्याच महिन्यात आमचं टनेज सगळ्यात जास्त होतं आणि नफा-तोटा पत्रकात नफा पण चांगला दिसत होता, मग पैसे गेले कुठं?

अकाउंटवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी एका जुन्या चलनाची पाठची बाजू घेतली, मधोमध रेघ मारली आणि विचारलं, "साहेब, यार्डात काय पडलंय तुमचं?"

१४ टन कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेले भाग. शेड्यूलपेक्षा जास्तीचं. भट्टी चालूच आहे तर ओतून घेऊ म्हणून मीच ओतायला लावलेलं. किलोला ९० रुपये खर्च धरला तर १२ लाख ६० हजार.

"हा माल विकेपर्यंत नफा-तोट्यात खर्च म्हणून येत नाही," काका म्हणाले, "तो ताळेबंदात बसतो, शिल्लक माल म्हणून, मालमत्तेच्या बाजूला. म्हणून नफा छान दिसतो. पण स्क्रॅपवाल्याचे आणि लाइटबिलाचे पैसे तर बँकेतून गेलेच ना."

मी गप्पच झालो. पगार माझ्या यार्डात पडला होता.

मग काकांनी उधारी दाखवली. १० लाखाचं बिल केलं, वर १८ टक्के जीएसटी, समजा खर्च ९ लाख, म्हणजे नफा १ लाख. बिल फाडलं त्याच दिवशी हा नफा वहीत येतो, पैसे मात्र ९० दिवसांनी. ते ९ लाख तोवर बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) वापरले आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर तीन महिन्यांचे २७ हजार, म्हणजे नफ्याच्या लाखातले पाव हिश्शापेक्षा जास्त तिथंच संपले. शिवाय जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, पार्टीनं पैसे दिले असोत नसोत.

कायदा आपल्या बाजूनं आहे हे पण मला तेव्हाच कळलं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि २०२३-२४ पासून मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. ऑर्डर घेताना मार्केटिंगच्या माणसानं आणि मी हे बोलायला पाहिजे, नुसतं काकांनी नाही.

घसारा, रेशो हे नंतर हळूहळू शिकलो, अजून शिकतोय.

आता हा ढीग बघा. प्रत्येक पॅलेटवर खडूनं ओतल्याची तारीख आहे. दर सोमवारी मी वही घेऊन इथून फिरतो, ३० दिवसांच्या वरचं जे दिसेल त्या कास्टिंगचं नाव लिहितो, आणि त्याचा पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) त्या आठवड्यात मोल्डिंगला जात नाही.